मोडीतील हस्तसंगणकावर लिनक्स : कारागिरांसाठी नवे काम आणि एक जुना प्रश्न

गिरणीने मोडीत काढलेला माग निकामी असतोच असे नाही, हे आमच्या कापडाच्या धंद्यातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. भिवंडी आणि मालेगावच्या कारागिरांनी असे माग मोडीच्या भावाने घेतले, घासलेले भाग बदलले, आणि त्यांवर कित्येक घरांची रोजी चालली. आज या पानावर आम्ही ज्या मालाविषयी लिहीत आहोत तो तळहातावर मावणारा संगणक आहे. साधारण २००० ते २००७ या काळात हे हस्तसंगणक बाजारात आले, महाग विकले गेले आणि स्मार्टफोन येताच कपाटात गेले. त्यांपैकी काहींवर निरनिराळ्या देशांतील हुनरमंद लोकांनी कंपनीची मूळ प्रणाली पुसून टाकली, लिनक्स या मुक्त प्रणालीच्या वेगळ्या आवृत्त्या बसवल्या आणि त्यांवर जुने व्हिडिओ गेम चालवून दाखवले. हा उद्योग आजही थांबलेला नाही. मोबाइल आणि संगणक दुरुस्तीच्या कामात आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आहेत. त्यांना यात शिकण्यासारखे बरेच आहे, थोडीफार कमाई आहे, आणि एक धोकाही आहे.

खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. दिवस खेळात घालवावा असे आम्हीही म्हणत नाही. पण यंत्राची खरी कसोटी खेळातच लागते. हिशेबाची वही अर्धा सेकंद उशिरा उघडली तर कोणाचे बिघडत नाही. खेळातले चित्र मात्र सेकंदाला साठ वेळा बदलावे लागते, त्याच वेळी आवाज चालू ठेवावा लागतो आणि कळ दाबली की लगेच उत्तर द्यावे लागते. ज्या कारागिराने वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर हे जमवले त्याला पडदा, आवाज, स्मृती आणि कीबोर्ड या चारही गोष्टी कळल्या असे समजावे.

कोणती यंत्रे?

या गोष्टीत दोन नावे मोठी आहेत. पहिले अमेरिकेच्या कॉम्पॅक कंपनीचे ‘आयपॅक’. त्याची एच-३६०० ही मालिका २००० मध्ये आली. आत इंटेलची २०६ मेगाहर्ट्‌झची ‘स्ट्राँगआर्म’ चिप, ३२ मेगाबाइट स्मृती, १६ मेगाबाइट कायम साठा आणि २४० बाय ३२० ठिपक्यांचा रंगीत पडदा. विकताना त्यावर मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई प्रणाली असे. पण कॉम्पॅकच्याच केंब्रिज येथील संशोधन प्रयोगशाळेतील मंडळींनी त्यावर लिनक्स चढवले, आणि त्यातून ‘फॅमिलिअर’ नावाची आवृत्ती तयार झाली. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या उघडणारी ‘एक्स’ ही यंत्रणा जगभर वापरली जाते. तिच्या मूळ कर्त्यांपैकी जिम गेटिस आणि तिचे जाणते कीथ पॅकार्ड हे दोघेही त्या वेळी या कामात होते. कंपनीने विकलेल्या प्रणालीला तिच्याच घरात पर्याय तयार होत होता, ही व्यापाराच्या दृष्टीने गमतीची गोष्ट.

दुसरे नाव जपानच्या शार्प कंपनीच्या ‘झॉरस’चे. शार्पने जपानबाहेर जो झॉरस आणला त्यात स्वतःहूनच लिनक्स घातले. विकसकांसाठीची आवृत्ती २००१ च्या अखेरीस निघाली आणि एसएल-५५०० हे मॉडेल २००२ मध्ये विक्रीला आले. चिप तीच २०६ मेगाहर्ट्‌झची स्ट्राँगआर्म, पण स्मृती ६४ मेगाबाइट. खालचे झाकण सरकवले की छोटा कीबोर्ड बाहेर येई. वर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची एक खाच आणि एसडी कार्डाची एक. त्यानंतर जपानात पुस्तकासारखी उघडणारी ‘सी’ मालिका आली: २००२ च्या अखेरीस सी-७००, पुढे सी-७५०, सी-७६०, सी-८६०. त्यांचा पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि इतका स्वच्छ की आजही तो पाहून माणूस थबकतो. २००४ मध्ये आलेल्या सी-३००० मध्ये ४ गिगाबाइटची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी फिरणारी डिस्क बसवली होती. सी-३१०० आणि सी-३२०० ही शेवटची भावंडे. सी-३२०० हे २००६ चे.

इथे आपल्या देशाचाही एक धागा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा हस्तसंगणक २००१ मध्ये लोकांसमोर ठेवला. त्यातही हीच स्ट्राँगआर्म चिप आणि हेच लिनक्स. गावातील कमी शिकलेल्या माणसाला पडद्यावर बोट ठेवून आणि आपल्या भाषेतील आवाज ऐकून वापरता यावा, अशी त्यामागची नीयत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने २००४ मध्ये ‘अमिदा सिम्प्युटर’ या नावाने तो बनवून बाजारात आणला. अपेक्षेप्रमाणे तो खपला नाही. शार्पने जपानात जे केले ते बंगळूरनेही त्याच सुमारास केले होते, एवढे तरी आपल्या तरुणांना माहीत असावे.

चावी कोणाच्या हाती

विंडोज सीई किंवा पाम यांची यंत्रेही त्या काळी लाखोंनी खपली. मग दुसरे आयुष्य झॉरसलाच का मिळाले? उत्तर परवान्यात आहे. लिनक्सचा परवाना सांगतो की तुम्ही ही प्रणाली घालून यंत्र विकलेत तर तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ग्राहकाला मागितल्यावर द्यावा लागेल. शार्पने तो दिला. त्यामुळे कंपनीने उत्पादन बंद केले तरी कर्नलची चावी लोकांकडे राहिली. झॉरसचे कार्यक्रम चालवणारे ‘क्यूटोपिया’ हे नॉर्वेच्या ट्रोलटेकचे. तेही मुक्त परवान्यावर उपलब्ध असल्याने लोकांनी त्यापासून ‘ओपी’ नावाचे वेगळे रूप काढले. दुसऱ्या एका गटाने ‘जीपीई’ बांधले. मग आवृत्त्यांची रांग लागली: ओपनझॉरस, जपानी यंत्रांसाठी कॅको आणि पीडीएक्सरॉम, नंतर ऑंगस्ट्रॉम. ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीनेही सी-३००० मालिकेला आपल्या यादीत घेतले.

एक कुलूप मात्र राहिले. एसडी कार्ड वाचणारा शार्पचा भाग बंद होता. त्याचा सोर्स मिळाला नाही, नुसती तयार फाइल मिळाली, आणि ती शार्पच्या २.४.१८ या जुन्या कर्नलवरच चाले. परिणाम असा की बाकी सारे सुटे असूनही एका छोट्या खाचेपायी कित्येक वर्षे लोक जुन्या कर्नलला बांधलेले राहिले. कर्नलच्या २.६ मालिकेत मुक्त पर्याय तयार झाला तेव्हा कुठे ही गाठ सुटली. आमच्या धंद्यात नमुन्याची कार्डे ज्याच्याकडे, त्याच्याकडेच तो नमुना; माग तुमचा असून उपयोग नसतो. हस्तसंगणकातही तेच घडले.

या कामाचे फळ कुठवर गेले तेही पाहण्यासारखे आहे. इतक्या वेगवेगळ्या यंत्रांसाठी प्रणाली दर वेळी हाताने बांधणे परवडेना, म्हणून ओपनझॉरसच्या मंडळींनी २००३ मध्ये बांधणीची एक सामाईक व्यवस्था उभी केली. तिचे नाव ‘ओपनएम्बेडेड’. पुढे २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने सुरू केलेला ‘योक्टो’ प्रकल्प तिच्यावरच उभा राहिला, आणि आज दूरदर्शन संच, मोटारी आणि कारखान्यातील नियंत्रक यांच्या प्रणाली त्या पद्धतीने बांधल्या जातात. एलजीच्या वेबओएसच्या बांधणीतही हीच व्यवस्था आहे. कारागिरांनी हौसेने केलेले काम मोठ्या कारखान्यांनी उचलले. ज्याने झॉरसवर योक्टोचे पूर्वरूप हाताळले असेल तो तरुण एखाद्या यंत्र कारखान्यात नोकरीसाठी उभा राहिला तर त्याचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

प्रणाली बदलण्याची रीत

एसएल-५५०० ची पद्धत सोपी आहे. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर कर्नलची आणि मूळ फाइल-व्यवस्थेची अशा दोन फाइली ठेवायच्या, यंत्र अ‍ॅडॉप्टरला जोडायचे, ‘सी’ आणि ‘डी’ या कळा दाबून धरून रीसेटचे बटण दाबायचे. दोन दिवे लागतात. ते विझेपर्यंत हात लावायचा नाही. सी मालिकेत ‘ओके’ची कळ धरून यंत्र सुरू केले की देखभालीची यादी उघडते. यादी जपानीत आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्याला ती अक्षरे म्हणजे भिंतीवरची वेलबुट्टी, पण ओळींचे आकडे वाचता येतात: चौथी ओळ नवी प्रणाली भरण्याची. ‘डी’ आणि ‘एम’ या कळांनी आणखी खोलची एक यादी उघडते. तिच्यातून संपूर्ण कायम साठ्याची नक्कल कार्डावर घेता येते. कुठलेही काम हाती घेण्यापूर्वी ही नक्कल घ्यावीच. ग्राहकाचे यंत्र अमानत असते. जसे आले तसे परत करता येईल याची सोय आधी करावी, मग स्क्रू काढावा.

आयपॅकचे काम यापेक्षा नाजूक. तिथे सुरुवातीचा ‘बूटलोडर’ म्हणजे यंत्र जागे करणारा छोटा कार्यक्रमच बदलावा लागतो. तो लिहिला जात असताना वीज गेली तर यंत्र दगड होते आणि बोर्डावरील जेटॅगच्या तारा जोडल्याशिवाय उठत नाही. जिथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही तिथे यूपीएसशिवाय हे काम घेऊ नये.

स्मृतीच्या वाटणीचा मामला आम्हाला फार आवडला. एसएल-५५०० मध्ये ६४ मेगाबाइट स्मृती आहे. ती सारी चालत्या कामासाठी ठेवता येते किंवा तिचा काही भाग फाइली ठेवण्यासाठी तोडून देता येतो. ओपनझॉरसच्या कर्नलांची नावेच अशी असत: ६४-०, ४८-१६, ३२-३२. पहिला आकडा कामाचा, दुसरा साठ्याचा. दुकान आणि गोदाम यांच्यामधली भिंत कुठे घालायची, तोच हा प्रश्न. खेळ चालवायचे असतील तर ६४-० घ्यावे आणि फाइली कार्डावर ठेवाव्यात, कारण खेळाला काउंटरवर जागा लागते. शिवाय स्मृतीतले गोदाम बॅटरी पुरती उतरली की साफ होते. आमच्या गल्ल्यात एक एसएल-५५०० आहे. त्यावर आम्ही थानांची नोंद ठेवतो आणि ती फाइल कार्डावरच असते.

एम्युलेटर म्हणजे काय

जॅक्वार्डची भोके पाडलेली कार्डे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. एका बनावटीच्या यंत्रासाठी कापलेली कार्डे दुसऱ्यावर चालत नाहीत. आता समजा, नव्या इलेक्ट्रॉनिक मागाला कोणी शिकवले की जुन्या यंत्रात कुठल्या भोकाने कुठला हुक उठत असे. मग तो माग जुनी कार्डे वाचून तोच नमुना विणेल. धाग्याला फरक कळणार नाही. एम्युलेटर हेच करतो. जुन्या गेम यंत्राची चिप, तिची चित्र काढण्याची पद्धत, आवाजाची पद्धत हे सारे तो कार्यक्रमात उभे करतो आणि जुन्या खेळाला वाटते की आपण घरच्याच यंत्रावर आहोत.

याला वेग किती लागतो, त्याचा हिशेब करून पाहू. निन्टेंडोच्या गेम बॉयची चिप सुमारे ४.१९ मेगाहर्ट्‌झची. झॉरसची २०६. म्हणजे गेम बॉयच्या एका ठोक्यामागे झॉरसला साधारण ४९ ठोके मिळतात. पडदा १६० बाय १४४, म्हणजे २३,०४० ठिपके, सेकंदाला साठ वेळा. हे काम ‘नूबॉय’ नावाच्या एम्युलेटरने आरामात होते. घरी टीव्हीला जोडायच्या निन्टेंडो यंत्राचा पडदा २५६ बाय २४०. सी मालिकेच्या पडद्यावर तो दुप्पट केला की ५१२ बाय ४८० होतो आणि उंची एका ठिपक्याच्याही फरकाशिवाय बसते. शिंप्याला असा पन्हा मिळाला तर तो खूश होईल. सुपर निन्टेंडोपाशी मात्र घाम फुटतो. त्याची चिप फार जलद नाही, पण चित्रासाठी आणि आवाजासाठी वेगळी चिप असल्याने एकाला तीन यंत्रांचे सोंग घ्यावे लागते. तेव्हा दर दुसरे चित्र गाळण्याची युक्ती करतात. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची चिप सुमारे ३४ मेगाहर्ट्‌झची. ४०० मेगाहर्ट्‌झच्या झॉरसकडे एका ठोक्याला बाराच ठोके उरतात. तो नाद सोडावा.

आणखी एक अडचण वेगाच्या आकड्यात दिसत नाही. या चिपांमध्ये दशांशाचे गणित करणारा भागच नाही. दशांश आला की चिप ते पूर्णांकांच्या लांबलचक बेरजा-वजाबाक्यांनी करते आणि सारे मंदावते. म्हणून आवाजाच्या फाइली वाजवण्यासाठी ‘ट्रेमर’ आणि ‘लिबमॅड’ ही केवळ पूर्णांकांवर चालणारी साधने वापरली गेली. मुलाने कार्यक्रम बांधताना ही निवड केली नाही तर यंत्र चांगले असूनही आवाज तुटत राहतो, आणि तो बिचारा स्पीकर बदलत बसतो.

‘स्कमव्हीएम’ला सरसकट एम्युलेटर म्हणतात, पण त्याची जात वेगळी. तो जुन्या यंत्राचे सोंग घेत नाही. लुकासआर्ट्‌ससारख्या कंपन्यांचे गोष्टीरूप खेळ ज्या अंतर्गत भाषेत लिहिले होते ती भाषा तो स्वतः वाचतो, दुभाषाच म्हणा. त्यामुळे त्याला बळ कमी लागते आणि लेखणीने पडद्यावर टिचकी मारून खेळायचे हे खेळ झॉरसवर शोभतात. २००१ पासून चाललेले हे काम अजून चालू आहे.

केवळ खेळांसाठीच बनलेली लिनक्सची हातयंत्रेही पुढे आली. कोरियाचे जीपी-२-एक्स २००५ मध्ये आले, दोन साध्या पेन्सिल सेलवर चालणारे. चीनचे डिंगू ए-३२० हे २००९ चे. त्यात कंपनीची प्रणाली वेगळी होती, पण त्याच वर्षी ‘डिंगक्स’ या नावाने लिनक्स त्यावर चढले. आज आपल्या बाजारात मियू आणि अ‍ॅनबर्निक यांची स्वस्त चिनी यंत्रे दिसतात. त्यांच्यावरही लोक कंपनीची प्रणाली काढून ‘ओनियन’, ‘गार्लिक’ अशा स्वयंपाकघरातील नावांच्या आवृत्त्या बसवतात. आणि इथेच तो जुना प्रश्न उभा राहतो.

दहा हजार खेळांचे कार्ड

ही चिनी यंत्रे विकताना पुष्कळदा एक कार्ड सोबत येते. त्यावर हजारो खेळ भरलेले असतात. यंत्राची किंमत काही हजार रुपये. त्यावरच्या खेळांची मूळ किंमत मोजली तर ती लाखांत जाईल. ग्राहक विचारतो, “भाई, कार्ड भरून देता का?” आणि दुकानदार देतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांबरोबर ‘९९९९ इन १’ अशी कॅसेट याच बाजारातून घरोघरी गेली होती, तेव्हा कोणी विचारले नाही. आज विचारले जाईल.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगतो. एम्युलेटर स्वतः चोरीचा माल नव्हे. सोनीने कनेक्टिक्स या कंपनीवर प्लेस्टेशनच्या एम्युलेटरबद्दल अमेरिकेत दावा लावला होता. त्यात २००० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्याच्या यंत्राची रीत समजून घेण्यासाठी केलेली मधली नक्कल हा न्याय्य वापर आहे. सोनीने २००१ मध्ये तो एम्युलेटर विकत घेतला आणि बंद केला. कोर्टात जे जमले नाही ते पैशाने केले. उलट बाजूही पाहावी. २०२४ मध्ये ‘यूझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांना निन्टेंडोशी समझोता करून २४ लाख डॉलर द्यायचे कबूल करावे लागले. ते यंत्र चालू बाजारातले होते आणि त्याची कुलपे फोडण्याचा प्रश्न होता.

खेळाचा मजकूर, ज्याला रॉम म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणक प्रणालीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून राखीव नक्कल करता येते. स्वतःची कॅसेट असलेला माणूस हा मुद्दा मांडू शकेल. दहा हजार खेळांचे कार्ड विकणारा मांडू शकणार नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. गुन्हा धंद्यातील नफ्यासाठी केलेला नसेल तर शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयाला आहे. दुकानदाराला ही सवलत कशी मिळावी? त्याने तर पावती फाडलेली असते.

आता दीनची बाजू. ग्रंथकर्त्याचा हक्क विकता येतो का, याबद्दल उपखंडातील काही जुन्या उलमांचे मत वेगळे होते आणि आपल्यातील काही जण त्या मताचा आधार घेऊन सारे मोकळे समजतात. पण आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला आहे की व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांचे हक्क हे मालमत्तेसारखे आहेत, शरीअतीने त्यांचे रक्षण केले आहे आणि त्यांचे उल्लंघन करता येत नाही. आमचे मत या ठरावाच्या बाजूने आहे. आपल्या मागावर निघालेला नमुना शेजारच्याने दुसऱ्या दिवशी छापला तर आपण कसे तळमळतो! खेळ लिहिणाऱ्यानेही रात्री जागवलेल्या असतात. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या शहरातील मुफ्तींना विचारावे. पण यंत्र समोर ठेवून, पूर्ण हकीकत सांगून विचारावे.

मग कारागिराने विकावे काय? आपले श्रम विकावेत. प्रणाली बसवणे, बॅटरी बदलणे, पडदा बदलणे, एम्युलेटर बांधून देणे, ग्राहकाच्या स्वतःच्या कॅसेटची नक्कल त्याच्यासमोर काढून देणे. यंत्र चालते हे दाखवण्यासाठी हलाल मालही पुरेसा आहे. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा खेळ त्याच्या मालक कंपनीने, रेव्होल्यूशनने, २००३ मध्ये विनामूल्य खुला केला. ‘फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन’ २००४ मध्ये खुला झाला. दोन्ही स्कमव्हीएमवर चालतात. दुकानाच्या कार्डावर हे दोन ठेवावेत आणि ग्राहकाला सांगावे की बाकीचे तुमचे तुम्ही आणा. दोन ग्राहक परत जातील, हे खरे.

माल पारखताना

जपानमध्ये ‘हार्ड ऑफ’सारख्या दुकानांतून ‘जंक’ या पाटीखाली असा माल मिळतो. जंक म्हणजे तपासलेला नाही, परत घेतला जाणार नाही. असा माल मागवणाऱ्याने काही गोष्टी पाहाव्यात. बॅटरी फुगली असेल तर पाठीचे झाकण नीट बसत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावी. जपानी बाजारातील काही अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचेच असतात. लेबल न वाचता आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातले तर धूर निघेल. सी मालिकेच्या बिजागरीतून पडद्याची पट्टी जाते, तेव्हा झाकण उघड-मीट करताना चित्र हलते का ते बघावे.

सी-३००० सुरूच होत नसेल तर बोर्डाला दोष देण्याआधी आतली डिस्क पाहावी. या मॉडेलचा कायम साठा १६ मेगाबाइटच आहे आणि प्रणाली त्या फिरत्या डिस्कवर असते. डिस्क मेली की यंत्र मेल्यासारखे दिसते. तिच्या जागी त्याच आकाराचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसते. शार्पच्या मूळ प्रणालीला त्यावर तीन विभाग हवे असतात, ते आधी पाडून ठेवावेत. फिरणारा भाग गेल्याने यंत्र शांत होते आणि बॅटरीही जास्त पुरते. मेलेल्या भावाने घेतलेले यंत्र अशा रीतीने जिवंत करून विकणे हा या धंद्यातला सर्वांत चांगला नफा आहे, आणि तो हुनराचा नफा आहे.

विकताना मात्र काय बदलले ते पावतीवर लिहावे. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर काढण्याचा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. पडद्यावर मेलेला एक ठिपका हाही ओला दाणाच. जुन्या मालाचा ग्राहक दोष सांगितला म्हणून पळत नाही; दोष नंतर सापडला की तो दहा जणांना सांगतो.

एक गोष्ट घाईची आहे. या यंत्रांभोवतीचा आधार हळूहळू आटतो आहे. ओपनझॉरसचे काम २००७ मध्ये थांबले आणि त्यांनी लोकांना ऑंगस्ट्रॉमकडे जाण्यास सांगितले. आयपॅकच्या लिनक्सचे घर असलेला हँडहेल्ड्‌स प्रकल्प बंद झाला. २०२३ मध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमधून इंटेलच्या पीएक्सए चिपांच्या बऱ्याच जुन्या बोर्डांचा भाग काढण्यात आला. डेबियन या मोठ्या आवृत्तीनेही जुन्या आर्म चिपांसाठीची शाखा २०२५ च्या तेराव्या आवृत्तीबरोबर संपवली. म्हणजे नवे काही येणार नाही. आहे ते जतन करायचे आहे. ज्याला या कामात उतरायचे असेल त्याने आपल्या मॉडेलचे कर्नल, त्याचा सोर्स, बूटलोडर, शार्पच्या मूळ प्रणालीची नक्कल आणि एम्युलेटरांचे सोर्स आजच गोळा करून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत, एक दुकानात आणि एक घरी. २ गिगाबाइट किंवा त्याहून लहान अशी जुनी एसडी कार्डे दिसतील तिथे घेऊन ठेवावीत. शार्पच्या जुन्या कर्नलला त्याहून मोठी वाचता येत नाहीत.